चिरा, कौल आणि मनीऑर्डर

कोकणातलं घर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच फोटो येतो. लाल उतरतं छप्पर, चिऱ्यांच्या भिंती, सारवलेलं अंगण, तुळस आणि मागे माड. इन्स्टाग्रामवर त्या फोटोखाली हमखास ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं असतं. होमस्टेवाले तर हा शब्द खोलीच्या भाड्यातच धरतात. आता गंमत अशी, की या फोटोतली सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे लाल मंगलोरी कौल, आणि ते कोकणच्या परंपरेतलं नाही. फ्रान्समधल्या अल्सास भागात आल्टकिर्श नावाचं गाव आहे. तिथल्या झिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं. त्याच धर्तीची कौलं १८६५ मध्ये मंगळुरात बनायला लागली, बासेल मिशन या स्विस-जर्मन मिशनरी संस्थेच्या कारखान्यात. कोकणातल्या साध्या माणसाच्या डोक्यावर ती यायला त्यानंतरही बराच काळ गेला.

त्याआधी काय होतं? श्रीमंताघरी कुंभारानं घडवलेले नळे, म्हणजे अर्धगोल देशी कौलं. बाकीच्यांकडे केंबळ, म्हणजे गवताचं छप्पर. भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर शेणमाती लिंपायची. आज आपण ज्याला जुनं कोकणी घर म्हणतो ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी एकेक थर चढत तयार झालेलं आहे. कौल एका काळातलं, चिरा दुसऱ्या, सिमेंट तिसऱ्या. आणि हे थर खालून वर चढले असतील असं आपण गृहीत धरतो, तेही दर वेळी खरं नसतं.

हे मला एरवी कळलं नसतं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण २०२३ च्या मे महिन्यात आमचं राजापूर तालुक्यातलं गावचं घर आम्ही उघडलं. उघडलं म्हणजे कुलूप काढलं असं नव्हे. छप्पर उतरवलं, भिंती खरवडल्या, जमीन उकरली. पाच आठवडे, तीन पिढ्या, एक मिस्त्री आणि त्याचे दोन गडी. मृग लागायच्या आत छप्पर परत चढवणं भाग होतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे ही डेडलाइन कुणाच्या हातापाया पडून पुढे ढकलता येत नाही.

कौलांची गुगल शीट

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या घराची पश्चिमेची पाखाडी उडाली. त्यानंतरचे दोन पावसाळे घरानं निळ्या ताडपत्रीखाली काढले. ताडपत्रीखाली वासे कुजत होते, वाळवी चढत होती. बाबा आणि थोरले काका यांच्यापुढे दोन पर्याय होते. सगळं पाडून पत्र्याचं किंवा स्लॅबचं घर बांधायचं, नाहीतर आहे ते दुरुस्त करायचं. तिसरा पर्याय, म्हणजे विकायचं, कुणी तोंडानं बोलत नव्हतं, पण मुंबईहून एका एजंटचे फोन यायला लागले होते.

दुरुस्ती ठरली ती मुख्यतः हिशोबानं. मिस्त्रींनी छपरावर चढून सांगितलं, की सतराशेतली हजार-अकराशे कौलं सहज वाचतील. कौल वाचलं की नाही हे बघायची रीत सोपी आहे. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. आम्ही साखळी करून कौलं उतरवली, तारेच्या ब्रशनं शेवाळ काढलं आणि टिचक्या मारत अंगणात रचली.

इथे मिस्त्रींनी एक अट घातली. एका पाखाडीवर एकाच कारखान्याचं कौल बसलं पाहिजे. मंगलोरी कौल एकमेकांच्या खाचेत अडकतं आणि प्रत्येक कारखान्याचा साचा किंचित वेगळा असतो. दोन कारखान्यांची कौलं मिसळली तर फट राहते आणि तिथून पाणी आत येतं. मग प्रत्येक कौल उलटं करून पोटावरचा छाप वाचायचा आणि वेगळा ढीग करायचा, हे काम माझ्यावर आलं. मी गुगल शीट केली. कारखान्याचं नाव, गाव, संख्या, कुठल्या पाखाडीवरून उतरलं. उद्देश पाणी गळू नये एवढाच होता. पण तिसऱ्या दिवशी शीटकडे बघताना लक्षात आलं, की ही आमच्या घराची पहिली लेखी नोंद आहे.

घरात एक दंतकथा होती, की घर दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. पुरावा काय, तर मागच्या पाखाडीवरच्या कौलांवर बासेल मिशनच्या नावाशेजारी ‘१८६५’ छापलेलं होतं. पण ते साल त्या साच्यातल्या सगळ्या कौलांवर तेच होतं. ते कारखाना सुरू झाल्याचं साल, कौल भाजल्याचं नव्हे. मिठाईच्या डब्यावर ‘स्थापना’ लिहून पुढे साल असतं, तसंच. मुख्य पाखाडीवरची कौलं मात्र ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ची होती, आणि हा छाप जास्त उपयोगाचा ठरला. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारनं जर्मन संबंधांमुळे बासेल मिशनच्या हिंदुस्थानातल्या मालमत्तेवर टाच आणली आणि युद्धानंतर तिचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या नव्या कंपनीकडे गेले. म्हणजे आमचं मुख्य छप्पर महायुद्धाच्या नंतरचं. मागच्या पाखाडीवरची मिशनची कौलं कुणाच्या तरी मोडलेल्या घराची, जुनी विकत घेतलेली असणार. आजही तेच चालतं. कमी पडलेली सहाशे कौलं आम्हीही शेजारच्या गावातल्या पाडलेल्या घराचीच आणली.

मंगळुरातल्या कारखान्याची गोष्टही थोडी सांगायला हवी. मिशनला कौलांच्या धंद्यात यायची गरज काय होती? धर्मांतर केलेल्या माणसाचं गावातलं काम सुटायचं. जातीचा धंदा गेला, जमीनमालकानं कसायला दिलेली जमीन काढून घेतली, की त्यानं खायचं काय? म्हणून मिशननं आधी विणकामाचे माग टाकले आणि मग कौलं. गेऑर्ग प्लेब्स्ट हा मिशनचा जर्मन तंत्रज्ञ. त्यानं नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांकाठच्या चिकणमातीवर प्रयोग केले आणि कारखाना उभा राहिला. तीनच वर्षांत, १८६८ मध्ये, आल्बुकर्क या स्थानिक कुटुंबानं आपला कारखाना काढला आणि मग किनाऱ्यानं कारखान्यांची रांगच लागली. भिजलं की जड होणाऱ्या नळ्यांपेक्षा हे कौल चांगलं होतं. त्याचं वजन दोन-अडीच किलो, चौरस मीटरला साधारण पंधरा पुरतात, माकडं उड्या मारून गेली तरी जागचं फारसं हलत नाही, आणि दर वर्षी शाकारणी करायला लागत नाही. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो नुसता तांत्रिक नाही. दर वर्षी छपरावर चढून शाकारणी करायला घरात पुरुष लागतो. कोकणातल्या घरांत नेमका तोच नव्हता.

पुरुष कुठे होता

पुरुष मुंबईत होता. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांनी चालू झाली. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्हा हा गिरण्यांना माणसं पुरवणारा सर्वांत मोठा जिल्हा झाला. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्यातच होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला. माणसं जायची बोटीनं. मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड अशा बंदरांवर आगबोट थांबायची आणि पावसाळ्यात ती बंद व्हायची. गिरणगावात एका गावच्या माणसांची एक खोली असायची, गावकीची खोली. दहा बाय बाराच्या त्या जागेत वीस-पंचवीस पुरुष पाळ्यांप्रमाणे झोपायचे आणि खानावळवाल्या बाईकडे जेवायचे. बायकामुलं गावी.

१ जानेवारी १८८० पासून टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली आणि या व्यवस्थेला नाव मिळालं. कोकणच्या अर्थव्यवस्थेला आजही लोक मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतात. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, चार ओळी मजकुरापुरतं. पोस्टमन पैसे देताना ते कुपन फाडून हातात द्यायचा.

आमच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात खंडाच्या पावत्या, सुपाऱ्या, एक फुटका चष्मा आणि दोऱ्यात ओवलेली अशी साठेक कुपनं निघाली. पणजोबांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे अक्षरं वेगवेगळ्या माणसांची आहेत. मजकूर मात्र एकाच माणसाचा. भात किती झालं, म्हैस व्याली का, मुलाला ताप होता तो उतरला का. १९३४ सालच्या एका कुपनात कौलांचा विषय आहे. कौलांचे पैसे दिले आहेत, मचवा बंदराला लागला की माणसं घेऊन उतरवून घ्यावी, मोजून घ्यावी. हे सगळं पणजीला उद्देशून.

म्हणजे कौलं मंगळूर-कालिकतकडून समुद्रानं आली, पैसे परळच्या एका गिरणीतून आले, आणि ती मोजून घेऊन, डोक्यावरून बंदरापासून घाटी चढवून, छपरावर बसवून घेणारी पणजी होती. पणजोबा त्या वर्षी शिमग्याला आले आणि नंतर थेट पुढच्या वर्षी. ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर मात्र घर त्यांच्या नावावर. त्यांनी आयुष्यभरात त्या घरात एकूण किती रात्री काढल्या असतील याचा हिशोब मी थोरल्या आत्याबरोबर मांडून बघितला. वर्षाला एक महिना, फार तर दीड. नोकरीची पस्तीस वर्षं धरली तर साडेचार वर्षंही भरत नाहीत.

ही नुसती आमच्या घरची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. असा आकडा दिसला की आपण आधी कौतुक करतो, इथे मुली मारत नाहीत म्हणून. पण त्या आकड्याचा मोठा भाग म्हणजे पुरुष गावात नसणं. शेत लावणं, कापणं, झोडणं, गुरं, सारवण, आजारपणं, मयतं, हे सगळं बायकांनी ओढलं. कोकणातल्या घराला ‘आजोबांनी बांधलेलं’ म्हणायची पद्धत आहे. आजोबांनी पैसे पाठवले, हे म्हणणं जास्त नेमकं होईल.

भिंतीतला खांब

दुसऱ्या आठवड्यात ओटीच्या भिंतीचं सिमेंट काढलं. १९९१ मध्ये बाबांच्या पहिल्या बोनसवर हे प्लास्टर झालं होतं आणि तेव्हा सगळ्या वाडीत त्याचं कौतुक होतं. त्याचंही कारण आहे. देशात सिमेंट बरीच वर्षं परवान्यावर मिळायचं. १९८२ मध्ये नियंत्रण अर्धवट सैल झालं, १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्यानंतर सिमेंटची गोणी गावच्या दुकानात यायला लागली आणि ज्याच्या हाती थोडा पैसा होता त्यानं पहिल्यांदा भिंतीला सिमेंट लावलं.

चिऱ्याला ते मानवत नाही. चिरा म्हणजे जांभा दगड. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकाननचं दक्षिण हिंदुस्थानच्या प्रवासाचं पुस्तक छापलं गेलं. त्यात केरळातल्या अंगाडिपुरमजवळ पाहिलेल्या या दगडाला त्यानं ‘लॅटराइट’ असं नाव दिलं, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. कारण तिथली माणसं तो विटेसारखाच कापत होती. खाणीत असताना जांभा मऊ असतो. बाहेर काढला, हवा लागली, की कडक होतो. पण तो सच्छिद्रच राहतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि नंतर सोडून देतो. बाहेरून चुन्याचा गिलावा असेल तर ओल त्यातून निघून जाते. सिमेंट घट्ट असतं. ओल आत अडकते, भिंतीत वर चढते, मीठ फुटतं आणि गिलाव्याचे पोपडे पडतात. आमच्या माजघरात कंबरेपर्यंत ओल होती ती यामुळे. मिस्त्रींनी सगळं सिमेंट काढून चुना लावायचा आग्रह धरला. चुना मुरवायला वेळ लागतो आणि भिंतीवर चढवल्यावर रोज पाणी मारत बसावं लागतं. ते काम आम्ही चुलतभावंडांनी वाटून घेतलं, सकाळच्या मीटिंगच्या आधी आणि नंतर.

सिमेंट निघालं आणि ओटीच्या भिंतीत ऐनाचा एक खांब सापडला. चिऱ्यांच्या आत गाडलेला. मग दुसरा. मग मोजून आठ. प्रत्येकाला ठरावीक उंचीवर खाचा आणि भोकं. मिस्त्री म्हणाले, या कुडाच्या खाचा. आडवे बांबू इथे बांधायचे आणि त्यावर कारवी.

मला हे समजायला एक रात्र लागली. छपराचं वजन या आठ खांबांवर होतं, भिंतींवर नव्हतंच. म्हणजे आधी खांब, त्यावर १९३४ ची मंगलोरी कौलं, आणि भिंती मात्र कुडाच्या. चिरे पुष्कळ नंतर खांबांच्या मधे भरले. किती नंतर? ट्रंकेतल्या एका वहीत चिऱ्यांचा हिशोब सापडला, त्यावर साल १९५९. पंचवीस वर्षं हे घर वर मंगलोरी कौल आणि खाली शेणमातीचा कूड असं उभं होतं. आमचं घर वरून खाली बांधलं गेलं होतं.

पैसा नव्हता म्हणून असं झालं असेल, हे पहिलं उत्तर. पण चिरा आमच्याच सड्यावर निघतो, कौलं मात्र समुद्रावरून विकत आणायची. महाग गोष्ट आधी आणि स्वस्त गोष्ट नंतर, हे हिशोबात बसत नाही. थोरल्या आत्यानं तिच्या आजीकडून ऐकलेलं उत्तर सांगितलं. “अगो बाय, जागा खोताची. त्यानं उठ म्हटलं तर कौलं उतरवून नेता येतात, खांब उपटून नेता येतात. भिंत काय डोक्यावर घेऊन जाणार?”

खोताची जागा

इथून पुढे इतिहास पाठ्यपुस्तकातला आहे, पण तो आपल्या भिंतीत सापडला की वेगळा वाचला जातो. कोकणातल्या बऱ्याच गावांत सरकार आणि शेतकरी यांच्यामधे खोत होता. सारा वसूल करून सरकारात भरायचा आणि गावावर हक्क गाजवायचा, पिढ्यान्पिढ्या. कूळ जमीन कसायचं, खंड द्यायचं आणि वर वेठही करायचं. १८८० मध्ये इंग्रज सरकारनं खोती कायदा करून ही व्यवस्था नियमात बसवली, मोडली नाही. तेच साल मनीऑर्डरचंही. गावातला खंड चुकवायला गिरणीतला पगार लागायचा, आणि तो पोस्टातून यायचा.

खोतीविरुद्धचा लढा अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली लढवला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं त्यांनी जमिनी पेरल्या नाहीत. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चानं कायदेमंडळावर गेले. विधेयक तेव्हा पास झालं नाही. खोती संपवणारा कायदा यायला १९४९ उजाडलं आणि तो १९५० मध्ये अंमलात आला. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कूळकायद्यानं कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं.

आता तारखा ओळीनं लावा. कौलं १९३४. खोती गेली १९५०. कूळ मालक १९५७. चिरे १९५९. जमिनीचा भरवसा आल्यावर दोन वर्षांत आमच्या माणसांनी जड भिंत घातली. हे मी सिद्ध करू शकते का? प्रत्येक दुवा कागदावर नाही. पण आत्याच्या आजीनं दिलेलं कारण, वहीतलं साल आणि भिंतीतले आठ खांब एकाच दिशेनं बोट दाखवतात. आमच्या वाडीतल्या आणखी दोन घरांच्या पडक्या भिंतीतही असेच खांब गाडलेले दिसतात. तुमच्या गावच्या घरी असतील तर बघा. भिंतीत खांब सापडला तर तिथे कधीतरी कूड होता, आणि कूड असण्याचं कारण दर वेळी गरिबी एवढंच नसतं.

संपाची भिंत

माजघराच्या मधोमध एक भिंत होती. नऊ इंचांची, अर्धी चिऱ्यांची, अर्धी मातीची, वेडीवाकडी. तिच्यामुळे माजघराच्या दोन अंधाऱ्या खोल्या झाल्या होत्या. पलीकडे चुलत आजोबांच्या वारसांचा हिस्सा. ते काका-काकूही या कामात खर्चाला उभे होते. माझ्या चुलतभावानं मोबाईलवर थ्रीडी आराखडा करून दाखवला. ही भिंत पाडली की सोळा फुटांचा सलग हॉल होतो, उजेड येतो, आणि छपराचं वजन तिच्यावर नाही. सगळं बरोबर होतं. मिस्त्रींनी घण उचललाही.

थोरली आत्या म्हणाली, “ही घराची भिंत नाय. ही संपाची भिंत.”

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि बऱ्याच जणांची नोकरी परत आली नाही. पहिले काही महिने झाल्यावर खोलीचं भाडं आणि खानावळ परवडेना, तेव्हा हजारो माणसं गावी परतली. आमचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दोघंही आले. जे घर शंभर वर्षांच्या सवयीनं पुरुषांशिवाय चालत होतं त्यात दोन मोठे पुरुष बारा महिने बसून. मनीऑर्डर बंद. भात तेवढंच, तोंडं वाढलेली. भांडण कशावरून झालं ते आत्याला आठवतं, पण ती सांगत नाही. दोन चुली झाल्या. भिंतीला चिरे आणायला पैसे नव्हते म्हणून अर्ध्यावर माती. ती माती तुडवली आत्यानं आणि पलीकडच्या चुलत आत्यानं मिळून, कारण भाऊ भांडले तरी माती तुडवायला पोरीच होत्या. आत्या तेव्हा वीस वर्षांची. त्या वर्षी ठरलेलं तिचं लग्न दोन वर्षं पुढे गेलं.

भिंतीवर तीन दिवस चर्चा झाली. पाडायची म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की भांडण संपलं, आजोबा दोघंही गेले, मग ती कशाला ठेवायची? ठेवायची म्हणणारे एकटे थोरले काका. त्यांचं म्हणणं, कायदेशीर वाटणी झालेली नाही, उद्या पुढच्या पिढीत वाद झाला तर हीच खूण. पलीकडच्या काकूंनी मधला मार्ग काढला. भिंतीत दार पाडायचं. साडेसहा फुटांचं, पडलेल्या फणसाच्या लाकडाची चौकट करून. उजेड आला. हॉल झाला नाही. माझा चुलतभाऊ अजून म्हणतो, की निर्णय चुकीचा होता.

कुणाचं नाव

खरा प्रश्न शेवटच्या आठवड्यात आला. आजोबा २००९ मध्ये गेले, पण वारसनोंद कुणी केलेली नव्हती. एवढा खर्च केल्यावर ती करायची ठरली. बाबा आणि काका तलाठ्याकडे जाऊन आले. वकिलांनी सल्ला दिला, की दोन्ही आत्यांकडून हक्कसोडपत्र घेऊन टाका, म्हणजे कागद सुटसुटीत होतो. हा सल्ला महाराष्ट्रात घरोघरी दिला जातो. बहिणी सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. त्या बदल्यात साडी मिळते.

कायदा मात्र हळूहळू उलट दिशेनं गेला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्शात वाटा दिला, पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क मुलग्यांनाच राहिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना तो हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये केंद्रानं कायदा दुरुस्त केला आणि लग्नाची अट गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हा हक्क जन्मानं आहे आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही.

मी हे जेवताना वाचून दाखवलं. घर शांत झालं. बाबा म्हणाले, कायदा ठीक आहे, पण घरात कायदा आणू नये. मी त्यांना कुपनं दाखवली नाहीत की भाषण दिलं नाही. धाकटी आत्या म्हणाली, मला काही नको, मी सही करते. थोरली म्हणाली, “मला विकायचं नाय, वाटा तोडून नको, भाडं नको. पण उताऱ्यावर नाव पायजे. माती मी तुडवलीय.”

यावर बाबांना उत्तर देता आलं नाही. काकांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः तिचं आधार कार्ड झेरॉक्सला घेऊन गेले. धाकट्या आत्यानंही मग सही केली नाही. वारसनोंदीच्या अर्जावर चार नावं गेली. वकिलांचं म्हणणं बरोबर होतं. कागद सुटसुटीत राहिला नाही. आता घर विकायचं झालं तर चौघांच्या सह्या लागतील, आणि पलीकडच्या हिश्शाच्याही. मुंबईच्या एजंटचा फोन त्यानंतर दोनदा आला. सह्यांची संख्या ऐकून त्यानं पुन्हा केला नाही.

दुरुस्त केलेल्या घरात राहणार कोण, हा प्रश्न कुणीही विचारेल. तो रास्त आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गातही घटली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा माणसं परत येतील अशी आशा होती. गणपतीला गाड्या भरून येतात आणि भरून परत जातात. आमच्या वाडीत बावीस घरं आहेत. मेमध्ये सोळा उघडी होती, जूनमध्ये सात. मीही लॅपटॉप घेऊन वर्षभर तिथे राहीन असं खोटं सांगणार नाही. पण थोरली आत्या राहते आहे. तिचा नवरा गेला, मुलगा बदलापूरला, तिथे तिचा जीव रमत नाही. आता ती पावसाळाभर गावी असते. पहिल्या पावसात मागच्या पाखाडीवर दोन ठिकाणी गळलं. तिथे आम्ही मिशनची जुनी कौलं परत चढवली होती आणि शेवटची ओळ कमी पडल्यावर वेगळ्या कारखान्याची बसवावी लागली होती. आत्यानं खाली पातेलं ठेवलं आणि फोन करून सांगितलं, की पुढच्या मेमध्ये येताना त्या छापाची चाळीस कौलं शोधून आणा.

शीटमध्ये मी ती ओळ लाल करून ठेवली आहे. कुठे जुनं घर पाडताना दिसलं, की मी थांबून कौलं उलटी करून बघते. अजून एकोणतीस हवी आहेत.